नावं सरकून गेल्यावर

रविवारी सकाळी दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नसे, म्हणून चौघांची बैठक तिथेच भरायची. शटर अर्धं वर, अर्धं खाली. आत फळ्यांवर पोटं उघडी टाकलेले गेमचे कन्सोल, बरणीत निरनिराळ्या कंट्रोलरांची सुटी बटणं, आणि सगळ्यावर वितळलेल्या कथलाचा तो गोडसर, घशाला किंचित चावणारा वास. मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली होती. दुरुस्त केलेली मशीन तिथे लावून बघितली जायची.

बैठकीचा नियम साधा होता. ज्याने कुठला खेळ संपवला असेल त्याने सांगायचं. किती गुण मिळाले, किती शत्रू मारले, हे कोणी विचारायचं नाही. खेळ संपून शेवटची नावं सरकून गेल्यावर मनात काय उरलं, तेवढंच बोलायचं.

बसचालक दिवसभर शहरातली बस हाकायचा आणि घरी जाऊन पडद्यावर ट्रक हाकायचा. त्याची बायको कपाळावर हात मारून घ्यायची. तो म्हणायचा, "तिथे मागून कोणी घंटी वाजवत नाही गं." दातांच्या डॉक्टरीणबाईंना राक्षस लागायचे. "सहा दिवस लोक माझ्यापुढे आ वासून बसतात," त्या म्हणायच्या, "सातव्या दिवशी मी कोणाचं तरी तोंड बंद करते." दुरुस्तीवाला साठीचा, कमी बोलणारा. त्याला कोड्यांचे खेळ आवडायचे. ते संपवायला तो महिना महिना घ्यायचा.

चौथी होती नकाशावाली. ती एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत इमारतींचे नकाशे काढायची. भिंत किती जाड, दार कोणत्या अंगाला उघडणार, जिना कुठे वळणार, हे तिच्या बोटांत होतं. कोणाच्याही घरी गेली की पाणी पिता पिता तिच्या डोक्यात त्या घराचा नकाशा तयार व्हायचा. चाळिशी उलटल्यावर आपण गेम खेळतो हे कचेरीत सांगायची तिला लाज वाटे. इथे वाटत नसे. ती पहिल्यांदा या दुकानात आली ती एक जुनापुराणा कन्सोल घेऊन. तिचा आणि तिच्या धाकट्या भावाचा होता तो, लहानपणचा. दुरुस्तीवाल्याने तो उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, याच्यात शाईचा वास कसा काय?"

ती हसली होती. त्यांचं घर एका छापखान्याच्या माडीवर होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली यंत्र सुरू झालं की वरची फरशी थरथरायची, टीव्हीवरचं चित्र थरथरायचं, आणि दोघं भावंडं खेळता खेळता त्या थरथरीवर गाल टेकून पालथी पडायची. कंट्रोलर दोन, पण एकाचं उडी मारायचं बटण अडकायचं. त्यावरून भांडणं, रुसवे, आईचा धपाटा, पुन्हा खेळ. पुढे रस्ता रुंद झाला तेव्हा छापखाना पडला आणि घरही पडलं. आई-बाबा तर त्याही आधी गेले होते. आता ते घर फक्त दोघांच्या बोलण्यात उरलं होतं. धाकटा शेजारच्या गावी नोकरीला होता. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि दोघं त्या घरात तासभर हिंडून यायची.

तर त्या रविवारी बसचालकाने ट्रकचा खेळ संपवला होता.

"शेवटचा माल पोचवला," तो म्हणाला. "सगळीकडे बर्फ. वाटलं, आता नावं येतील. आली, सरकून गेली. तरी खेळ बंद होईना. ट्रक एका इमारतीपुढे उभा. आणि काय सांगू, पहिल्यांदाच मला खाली उतरता आलं! आख्ख्या खेळात कधी उतरता येत नाही."

"मग?" डॉक्टर म्हणाल्या.

"मग जिना. चिंचोळा, मध्येच डावीकडे वळलेला. वर एक दार. आत गेलो तर हातातला कंट्रोलर थरथरायला लागला. धडधड नाही, एकसारखी थरथर, खाली कुठेतरी मोठं यंत्र चालू असल्यासारखी. समोर खिडकी. काचांना निळा कागद चिकटवलेला. कोपऱ्यात फाटलेला, त्यातून उन्हाची तिरीप. बर्फात ऊन कुठून आलं कोण जाणे. पण इतकं बरं वाटलं, मॅडम, की मी कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो."

नकाशावालीचा कप ओठांशी थांबला होता. जिना डावीकडे वळतो. निळा कागद. पण तिने स्वतःलाच समजावलं, जगात डावीकडे वळणारे जिने थोडे का आहेत?

संध्याकाळी धाकट्याचा फोन आल्यावर तिने हसत हसत त्याला ही गंमत सांगितली.

"निळा कागद!" तो खूश झाला. "आपणच चिकटवला होता ना. तू स्टुलावर उभी राहिलीस, मी खळ देत होतो. स्टूल कलंडलं आणि तुझी हनुवटी फुटली. आई केवढी घाबरली होती."

तिने हनुवटीला बोट लावलं. व्रण होता. पण स्टूल काही केल्या आठवेना. तिने डोळे मिटून ती खिडकी समोर आणली. खिडकी आली, कागद आला, तिरीपही आली. आणि कागदाच्या फटीतून बाहेर बर्फ दिसला.

त्यांच्या गावात कधीही बर्फ पडला नव्हता.

वय झालं, दुसरं काय, असं म्हणून तिने तो विषय सोडला. पण बसचालकाकडून तो खेळ मागून आणला आणि सुट्टी टाकून शेवटपर्यंत खेळली. शेवटचा माल पोचला, नावं सरकली, पडदा काळा झाला. जिना नाही, काही नाही. बसचालकानेही पुन्हा खेळून पाहिला. त्यालाही काही दिसलं नाही. "स्वप्न म्हणावं तर बायकोनंही बघितलं हो," तो डोकं खाजवत म्हणाला.

काही आठवडे गेले. मग डॉक्टरांनी त्यांचा राक्षसांचा खेळ संपवला.  

"शेवटचा राक्षस मेला," त्या म्हणाल्या. "किल्ला कोसळला, नावं गेली. आणि मी एका खोलीत. पायाखाली तीच थरथर, यांनी सांगितली होती तीच. भिंतीशी खाट. खाटेवर एक माणूस झोपलेला, तोंडावर वर्तमानपत्र पांघरून. श्वासाबरोबर कागद वर खाली होत होता. माझ्या हातात अजून तलवार होती, बघ. मला इतकी लाज वाटली. मी ती खाली ठेवली. खेळात तलवार खाली ठेवायचं बटणच नाहीये, तरी ठेवली गेली. आणि बसले त्या माणसाच्या पायाशी. काही घडलं नाही. पण अगं, माझे वडील गेल्यापासून मला असं शांत वाटलं नव्हतं."

"त्याच्या पायात मोजे होते?" नकाशावालीने विचारलं. आपला आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"एकाच पायात," डॉक्टर म्हणाल्या. "तुला कसं कळलं?"

बाबांच्या एका पायाला नेहमी गार वाटायचं. हे बाहेरच्या कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तिने चौघांत तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, की हे माझं घर आहे. कोणी हसलं नाही. दुरुस्तीवाल्याने कथलाचा डाग द्यायचं यंत्र बंद केलं.

तिला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला हेवा वाटला. आपलं घर, आणि आपण सोडून सगळे तिथे जाऊन येतायत!

घरी गेल्यावर तिने बाबांचा फोटो हातात घेतला. चेहरा ओळखीचा होता. पण त्या चेहऱ्याचा आवाज कसा होता? ते चालायचे कसे? रागावले की काय म्हणायचे? तिने खूप ओढून पाहिलं. दर वेळी एकच चित्र येई. खाट, पांघरलेलं वर्तमानपत्र, वर खाली होणारं. आणि तेही खोलीच्या मधोमध उभं राहून, मोठ्या माणसाच्या उंचीवरून पाहिल्यासारखं.

धाकट्याला तिने हे सांगितलं.

"ताई, बाबा तुला सायकलवर पुढे बसवून शाळेत न्यायचे. दांड्याला टॉवेल गुंडाळून. आठवतं?"

"सायकल होती आपल्याकडे?"

"ताई."

"चेष्टा करत नाहीये रे. सायकल होती?"

"हिरवी," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "ताई, त्या लोकांना सांग, यापुढे तुला काही सांगू नका म्हणून. ते काय बघतात ते बघू देत. तू ऐकू नकोस. कारण काय ते मला विचारू नकोस, मला माहीत नाही. पण ते सांगतात आणि तुझं जातं. एवढं मला दिसतंय."

तिच्यासारख्या बाईला हे पटणं कठीण होतं. घराच्या नकाशातून एक भिंत पुसली म्हणून खरी भिंत पडत नसते. तरी तिने त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, कोरा कागद घेतला आणि ते घर काढायला बसली. पुढची खोली तिने काढली. आतली खोली काढली. मग पेन्सिल उचलून तिने खिडकीबाहेर पाहिलं. आता तिच्या आठवणीत पहिल्या खोलीत ती ट्रकमधून उतरून शिरली होती. दुसऱ्या खोलीत किल्ल्यातून. स्वयंपाकघर मात्र अजून तिचं होतं. ओट्याची उंची, जाळीचं कपाट, उतू गेलेल्या दुधाचा करपट वास, आईच्या पाठीवरचा घामाने ओला झालेला पट्टा. ते तिने कागदावर काढलं नाही. कोणी चोरेल या भीतीने मुठीत धरावं, तसं मनातच धरून ठेवलं.

पुढच्या रविवारी तिने बैठकीत हात जोडले. "कोणाला पुन्हा दिसलं तर मला सांगू नका."

"बरं मॅडम," बसचालक म्हणाला. डॉक्टरांनी तिचा हात दाबला.

 दुरुस्तीवाला खाली मान घालून एक बटण पुसत बसला होता. चांगलं स्वच्छ झालं तरी पुसतच होता.

"काका," ती म्हणाली, "तुमचा तो टपालवाल्याच्या कोड्यांचा खेळ संपला?"

"नाही."

"कुठवर आलाय?"

"बाई, तुम्हीच आत्ता म्हणालात ना, सांगू नका."

मग तिला राहवेना. माणसाचं असंच होतं. दार घट्ट लावून घेतलं की कान दाराला लागतो.

"स्वयंपाकघर आहे का?"

दुरुस्तीवाल्याने बटण खाली ठेवलं. "धुक्यातलं शहर असतं," तो हळू म्हणाला. "घराघरांत टपाल पोचवायचं. सगळं पोचवलं, नावं गेली, तरी पिशवीत एक पुडकं उरलं. जिना चढलो. डावीकडे वळला तेव्हाच कळलं. पुढची खोली ओलांडली, आतली ओलांडली. कोणाकडे बघितलं नाही. मग एक दार, लोटलेलं. आतून दुधाचा... म्हणजे पडद्याला वास नसतो, मला माहीत आहे. मी चाळीस वर्षं हेच काम करतो. पण आला." त्याने पुन्हा बटण उचललं. "मी दार ढकललं नाही. तुमचं होतं म्हणून. परवापासून मशीन मागच्या खोलीत चालूच ठेवलंय."

"आतून काही ऐकू आलं?"

"नको, बाई."

"काका."

"बाईमाणसाचा आवाज आला. 'ती नाही आली?' एवढंच."

नकाशावाली उठली आणि शटरखालून वाकून बाहेर आली. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. समोरच्या इमारतीला रंग देणं चाललं होतं. तिने धाकट्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"ताई, नको," तो लगेच म्हणाला. "हात जोडतो तुझ्यापुढे. बंद करायला सांग त्यांना ते मशीन."

"ती विचारत होती रे. मी नाही आले का म्हणून."

"आई नाहीये ती."

"तुला काय माहीत?"

"बरं, असेल. असू दे. पण तू आत गेलीस तर मग... ताई, मला सगळं आठवतंय. मी तुला एकेक गोष्ट सांगेन, रोज सांगेन. तू फक्त ऐक. मी आहे ना आठवायला!"

 लहानपणी अडकलेल्या बटणाचा कंट्रोलर तो असाच स्वतःहून घ्यायचा आणि म्हणायचा, मला चालतो. "तू सांगशील ते तुझं असेल, बाळा," ती म्हणाली. "खिडकी गेली, बाबा गेले. आईही अशीच कोणाच्या तरी तोंडून जाणार. त्यापेक्षा मीच तिला बघते ना. एकदाच, माझ्या डोळ्यांनी."

"मी निघतोय. गाडी काढतोय. मी येईपर्यंत थांब. थांबशील ना?"

"हळू चालव," ती म्हणाली.

ती थोडा वेळ खरंच थांबली. पायरीवर बसली, रंगाऱ्यांकडे पाहत राहिली. मग उठली.

मागच्या खोलीत पडदा उजळलेला होता. आतली खोली अंधुक दिसत होती आणि मधोमध ते दार. तिने खुर्ची ओढली. कंट्रोलर उचलला. तो थरथरत होता, अगदी बारीक, एकसारखा. तिने तो आधी गालाला लावला.

मग दार ढकललं.

ओटा. जाळीचं कपाट. पाठमोरी आई.

"आलीस?" आई म्हणाली. "किती गं उशीर. हातपाय धुऊन घे."

ती काही बोलणार होती, पण खेळात बोलायचं बटण नव्हतं.

आई वळली.

ते सगळं तिथे होतं. कपाळावरची बट, खालच्या ओठाचा तीळ, रागावता रागावता हसणारे डोळे. फोटोत कधी न आलेलं सगळं. आई तिच्याकडे पाहत होती. पडद्यातून बाहेर नाही, तिच्याकडेच.

पडद्यावरचं चित्र मागे वळलं. आतल्या खोलीत वर्तमानपत्र सळसळलं. कोणीतरी उठून बसत होतं.

तिथेच जमिनीवर एक लहान मुलगा टीव्हीपुढे पालथा पडला होता. मान न वळवता त्याने एक कंट्रोलर मागे धरला. बटण न अडकणारा, चांगला होता तो.

पडद्याच्या खालून एक हात पुढे आला. लहान मुलीचा, बोटांना शाई लागलेला.

त्या हाताने कंट्रोलर घेतला.

नावं सरकू लागली.

ती बाहेर आली तेव्हा तिघंही उभी होती. दुपारी गाढ झोप काढून उठलेल्या माणसासारखा तिचा चेहरा टवटवीत होता. ती खुर्चीवर बसली, गार झालेला चहा एका घोटात प्यायली आणि हसली.

"काय बघताय असे? संपला. नियमाप्रमाणे सांगायला पाहिजे ना?"

"सांग," डॉक्टर म्हणाल्या. 

"फार गोड शेवट आहे. छापखान्यावरचं एक छोटंसं घर. आई, वडील, दोन मुलं. काही घडत नाही तसं. पण ती आई वळली ना, तेव्हा मला उगाच भरून आलं. बनवणाऱ्यानं कोणाचं तरी खरं घर पाहिलेलं असणार, काका. नुसत्या कल्पनेनं इतकं बारीक जमत नाही. बांधकामातलं मला कळतं." तिने कप खाली ठेवला. "कोणाचं असेल बरं?"

बसचालकाने तोंड फिरवलं. दुरुस्तीवाला खाली पाहत होता.

तेवढ्यात बाहेर गाडीचा ब्रेक कचकन लागला. शटरखालून वाकून एक गृहस्थ आत आले. तिच्याहून थोडे लहान असतील. शर्ट घामाने चिकटलेला, धाप लागलेली. ते तिच्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई."

हल्ली कोणीही कोणालाही ताई म्हणतं, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस मात्र बरा दिसत नव्हता.  डोळे तर असे, जसं काही रस्त्यात कोणीतरी हरवलंय. तिला त्यांची दया आली. तिने शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा ना," ती आपुलकीने म्हणाली. "पहिल्यांदाच आलात का? घाबरू नका, इथे कोणी गुण विचारत नाही. सांगा, तुम्ही कुठला खेळ संपवलात?"